पंधरा आणे अंदाज

पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर चार पोरं मोबाइल आडवे धरून बसलेली दिसली, की ती बहुधा बीजीएमआय खेळत असतात. त्यांच्यातल्या एखाद्याच्या खांद्यावरून गेमच्या सेटिंगमध्ये जरा डोकावावं. ग्राफिक्सच्या रकान्यात स्मूथ, बॅलन्स्ड, एचडी, एचडीआर असे चढत्या भाजणीचे पर्याय असतात. फोन चांगला असतो, वरचे पर्याय उघडे असतात, तरी मुरलेला खेळाडू बोट ठेवतो ते सगळ्यात खालच्या ‘स्मूथ’वर. त्यात सावल्या जातात, भिंतींचा पोत सपाट होतो, झाडं शाळेच्या चित्रकलेच्या वहीतल्यासारखी दिसू लागतात. शेजारच्या फ्रेम रेटच्या रकान्यात मात्र हाच खेळाडू हटकून सगळ्यात वरचा पर्याय निवडतो.

कुणीतरी महिनोन्‌महिने खपून रंगवलेली सावली तो एका टिचकीसरशी पुसून टाकतो आणि त्याला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. चित्र देखणं असण्यापेक्षा ते वेळेवर येणं त्याच्या लेखी मोलाचं. समोरचा गोळी झाडतोय हे अर्ध्या पापणीच्या उशिराने कळलं, तर मागचा सूर्यास्त कितीही सुंदर असून उपयोग काय?

सिनेमा आणि गेम पडद्यावर सारखेच दिसत असले, तरी दोघांची घडण अगदी उलटी आहे. ॲनिमेशनपटातल्या एकेका चित्रासाठी संगणक कित्येक तास राबले तरी प्रेक्षकाला त्याची झळ लागत नाही, कारण तो थिएटरात येतो तेव्हा सगळं शिजवून ठेवलेलं असतं. गेममध्ये खेळाडू पुढच्या क्षणी डावीकडे वळेल की उजवीकडे, हे खुद्द गेमलाही ठाऊक नसतं. त्यामुळे प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, तो वळल्यावरच काढावी लागते. पंगतीत बसलेल्याच्या पानात तव्यावरची पोळी पडावी तशी. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एकेकीच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद येतात. एवढ्यात कोणतं बटण दाबलं गेलं ते पाहायचं, शत्रूने काय करायचं ते ठरवायचं, गोळी कुठे लागली ते मोजायचं, आणि मग उरलेल्या वेळात चित्र रंगवायचं. फोरके पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके असतात. सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे जवळजवळ ५० कोटी ठिपक्यांचे रंग दर सेकंदाला ठरवायचे.

गेम बनवणारे याला फ्रेम बजेट म्हणतात, आणि ते खरोखरच महिनाअखेरच्या घरखर्चासारखं चालतं. सावल्यांना इतके मिलिसेकंद, पाण्याला इतके, धुराला इतके. पाणी जास्त चमकवायचं असेल तर झाडांची पानं विरळ करा. सोळाच्या वर उसनवारी मिळत नाही. खर्च वाढला की फ्रेम चुकते आणि पडदा अडखळतो. खेळाडूंच्या भाषेत, गेम ‘लॅग’ मारतो.

ही ओढाताण गेमइतकीच जुनी आहे. १९७८ साली जपानच्या तैतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घडवला. पडद्यावर परग्रहावरच्या ५५ आक्रमकांची पलटण. ती हलवताना आतल्या प्रोसेसरची दमछाक व्हायची. खेळाडू एकेकाला टिपत गेला की काढायची चित्रं कमी व्हायची आणि उरलेले आपोआप भरभर सरकू लागायचे. यंत्राचा अशक्तपणा असा चारचौघांत उघडा पडत होता. निशिकादोंनी तो झाकला नाही, तसाच ठेवला. शेवटचा एकटा आक्रमक पिसाटासारखा धावत सुटतो तेव्हा छातीत जी धडधड होते, ती त्या अशक्तपणाचीच देणगी.

मारिओची मिशीही अशाच अडचणीतून उगवली. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा त्याच्या वाट्याला मूठभर ठिपके आले होते. तेवढ्यात तोंड दाखवता येईना, म्हणून शिगेरू मियामोतो यांनी नाकाखाली मिशी चिकटवली. उडी मारताना केस हलताना दाखवणं अवघड, म्हणून डोक्यावर टोपी. हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून डांगरी. चार वर्षांनी आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसला. सकाळी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडणारं गुलाबाचं ‘शुभ प्रभात’ही बहुतेक वेळा याहून जड असतं. त्या गेममधला पांढरा ढग आणि जमिनीवरचं हिरवं झुडूप ही एकच आकृती आहे, फक्त रंग बदललेला. लाखो मुलांनी तो गेम वर्षानुवर्षं खेळला आणि कितीतरी जणांच्या हे लक्षातही आलं नाही.

पण या सगळ्या क्लृप्त्यांची राणी म्हणजे धुकं. १९९९ मध्ये कोनामीचा ‘सायलेंट हिल’ आला तो सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनवर. त्या यंत्राची मुख्य मेमरी होती २ मेगाबाइट, चित्रासाठी आणखी १. एवढ्यात एक अख्खं गाव उभं करायचं होतं, ज्यात खेळाडू रस्त्यारस्त्याने मोकळा हिंडेल. रस्ता म्हटला की लांबवरची घरं दिसणार, आणि लांबवरची घरं दाखवायची तर यंत्राचं कंबरडं मोडणार. मग गावावर धुकं उतरवलं गेलं, आणि जिथे धुकं नाही तिथे अंधार. काही पावलांपलीकडे काढायला काही उरलंच नाही. नायकाच्या खिशात एक छोटा रेडिओ असतो. एखादं भूत जवळ आलं की तो खरखरायला लागतो. खेळाडूला दिसत काही नाही, नुसती खरखर वाढत जाते. भीतीच्या गेममध्ये पंचवीस वर्षांपूर्वीचं हे धुकं अजूनही आदर्श मानलं जातं, आणि ते आलं होतं मेमरी पुरत नव्हती म्हणून.

त्या काळातल्या गेमवाल्यांना एक मोठा दिलासा मात्र होता. आज जमत नाही ते दोन वर्षांनी जमणार, याची खात्री होती. चिपवरच्या ट्रान्झिस्टरांची संख्या ठरावीक काळात दुप्पट होत जाईल, असं गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये लिहिलं आणि १९७५ मध्ये तो काळ दोन वर्षांचा धरला. लोकांना मूर माहीत असतात. पण खरी मेख आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवली होती. ट्रान्झिस्टर लहान केला की तो वेगवान होतो आणि त्याच प्रमाणात वीजही कमी खातो. म्हणजे तेवढ्याच जागेत दुप्पट कोंबले तरी चिप जास्त तापत नाही. वेग वाढला, बिल तेवढंच. सरकारी नोकरीतल्या वार्षिक वेतनवाढीसारखी ही वाढ सगळ्यांच्या अंगवळणी पडली.

२००५ च्या आसपास ती बंद झाली. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांच्यातून वीज झिरपू लागली, नळ बंद करूनही थेंब थेंब गळावा तशी. इंटेलचा पेंटियम ४ हा प्रोसेसर २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोचला आणि तिथेच थबकला. त्यानंतर वीस वर्षं उलटली, तरी आजचे उत्तमोत्तम प्रोसेसर सहाच्याच घरात आहेत. पुढचा वेग मिळाला तो एका चिपमध्ये चार, आठ, सोळा मेंदू बसवून.

या वळणावर सगळ्यात गाजलेली फसगत झाली ती ‘क्रायसिस’ची. जर्मनीतल्या क्रायटेकने २००७ मध्ये हा गेम काढला तेव्हा तो त्या वेळच्या कुठल्याच संगणकावर पूर्ण तेजाने चालेना. निर्मात्यांनी भविष्याकडे डोळे लावून तो बांधला होता: दोन-चार वर्षांत प्रोसेसरचा वेग कितीतरी वाढेल, मग हा गेम लोण्यासारखा चालेल. वेग वाढलाच नाही, मेंदूंची संख्या वाढली, आणि ‘क्रायसिस’ तर बरंचसं काम एकाच मेंदूवर टाकून मोकळा झालेला. ‘यावर क्रायसिस चालेल का?’ हा विनोद जगभर इतका रुजला, की २०२० मध्ये गेमची नवी आवृत्ती आली तेव्हा तिच्यातल्या सर्वांत जड ग्राफिक्स सेटिंगला निर्मात्यांनी तेच वाक्य नाव म्हणून दिलं.

ग्राफिक्सचं नशीब त्यातल्या त्यात बरं. एका ठिपक्याचा रंग ठरवायला शेजारच्या ठिपक्याची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे हे काम हजारो हातांत वाटता येतं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे एक हुशार कारकून नसून, एकाच वेळी एकच सोपं काम करणारी मजुरांची प्रचंड फौज. एनव्हिडियाने १९९९ मध्ये ‘जीफोर्स २५६’ बाजारात आणताना त्याला जगातलं पहिलं जीपीयू म्हणून मिरवलं, आणि तिथून ही फौज वाढतच गेली. पण मजूर वाढले की त्यांच्या जेवणाचा खर्चही वाढतो.

तो किती वाढतो, हे दोन कार्डांची शेजारी शेजारी मांडणी केली की लख्ख दिसतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० मध्ये ७६ अब्ज ट्रान्झिस्टर होते, चिपचं क्षेत्रफळ सुमारे ६०९ चौरस मिलिमीटर, विजेची भूक ४५० वॉट, अमेरिकेतली किंमत १,५९९ डॉलर. जानेवारी २०२५ मधल्या आरटीएक्स ५०९० मध्ये ९२ अब्ज ट्रान्झिस्टर, ७५० चौरस मिलिमीटर, ५७५ वॉट, १,९९९ डॉलर. ट्रान्झिस्टर पाचव्या हिश्श्याने वाढले, जागा जवळजवळ पाव पटीने, किंमत बरोबर पाव पटीने, आणि वीज त्याहून थोडी जास्तच. दोन्ही चिप एकाच पिढीच्या कारखानी प्रक्रियेतून निघालेल्या. ट्रान्झिस्टर काही बारीक झाला नाही. याला प्रगती म्हणायची तर म्हणावी. पण मोठं भांडं घेतलं, जास्त गॅस जाळला आणि जास्त आमटी केली, एवढाच त्याचा हिशेब आहे.

५७५ वॉट म्हणजे किती? घरातला चटणी वाटायचा मिक्सर साधारण ५०० ते ७५० वॉटचा असतो. तो दोन मिनिटं फिरतो आणि थांबतो. हे कार्ड रविवारी दुपारी चार तास पूर्ण जोरात चाललं तर २.३ युनिट वीज एकटं खातं. बाकीचा संगणक, मॉनिटर आणि खोली थंड ठेवायचा एसी वेगळाच. ४०९० च्या वेळी काही ग्राहकांकडे वीज पुरवणारा जोडच वितळल्याचे फोटो जगभर फिरले होते.

एवढी वीज जाते कुठे? मुख्यतः प्रकाशाच्या मागे धावण्यात. वस्तूंचे आकार ही आता फारशी अडचण उरलेली नाही. एपिक गेम्सने २०२० मध्ये अनरियल इंजिन ५ चं प्रात्यक्षिक दाखवलं, त्यातला एकच पुतळा ३.३ कोटी त्रिकोणांचा बनला होता. फोरके पडद्यावर ठिपके जेमतेम ८३ लाख. म्हणजे एका पुतळ्यात पडद्यावरच्या ठिपक्यांच्या चौपट त्रिकोण! त्यात आणखी भर घालून डोळ्याला काय कळणार? पण त्याच पुतळ्यावर खिडकीतून ऊन पडलं, ते फरशीवरून परतून त्याच्या हनुवटीखाली लालसर उजेड गेला, मागच्या पितळी भांड्यात त्याचं वाकडं प्रतिबिंब उमटलं, तर मात्र डोळ्याला लगेच फरक कळतो.

उजेडाचा हा प्रवास किरणागणिक मोजायची रीत, म्हणजे रे ट्रेसिंग, मुळीच नवी नाही. बेल लॅब्जच्या टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये लाल-पिवळ्या चौकटींच्या फरशीवर तरंगणाऱ्या चकचकीत गोळ्यांचं एक चित्र प्रसिद्ध केलं. काचेतून आरपार दिसणारं, एकमेकांत प्रतिबिंब पाडणारं. व्हॅक्स संगणकाला ते एक चित्र काढायला ७४ मिनिटं लागली. तेवढ्या वेळात आजच्या गेमला अडीच लाखांहून जास्त फ्रेम काढाव्या लागतात. सिनेमावाल्यांना घाई नसल्यामुळे त्यांनी ही रीत केव्हाच आपलीशी केली. गेममध्ये तिचा खराखुरा शिरकाव झाला तो २०१८ मध्ये, एनव्हिडियाने किरण मोजायचं वेगळं यंत्रांगच कार्डावर बसवलं तेव्हा. ‘सायबरपंक २०७७’मध्ये २०२३ च्या एप्रिलमध्ये आलेला ओव्हरड्राइव्ह मोड हे तिचं एक फार खर्चिक रूप. पावसानं भिजलेल्या रस्त्यावर निऑन पाट्यांचा उजेड कसा सांडतो ते त्यात बघत राहावंसं वाटतं. पण कसलीही मदत न घेता पूर्ण फोरकेमध्ये तो लावला, तर ४०९० सारखं कार्डही सेकंदाला विसेक फ्रेमच्या आसपास धापा टाकतं.

मग मदत घेतली जाते. पुढची सगळी गोष्ट या मदतीची आहे.

एनव्हिडियाच्या डीएलएसएस या तंत्रात कार्ड मुळात छोटं, कमी ठिपक्यांचं चित्र काढतं आणि शिकवून तयार केलेलं न्यूरल नेटवर्क ते मोठं करतं. आधीच्या फ्रेममध्ये काय होतं, वस्तू कुठल्या दिशेला सरकल्या, हे पाहून मधले ठिपके काय असावेत याचा ते अंदाज बांधतं. एएमडीचं एफएसआर, सोनीने २०२४ च्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये घातलेलं पीएसएसआर ही त्याचीच भावंडं. फोरकेचं चित्र फुल एचडीवरून तयार केलं, तर चारांतला एकच ठिपका खरोखर मोजलेला असतो. २०२५ च्या डीएलएसएस ४ ने आणखी पुढची उडी मारली: दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये तीन बनावट फ्रेम घुसवता येतात. चारांतली एक फ्रेम खरी, आणि त्या खऱ्या फ्रेममधलाही चारांतला एकच ठिपका खरा. म्हणजे सोळातला एक. जुन्या हिशेबात सांगायचं तर रुपयातला एक आणा खरा, पंधरा आणे अंदाज.

अंदाज बहुतेक वेळा इतका बेमालूम असतो, की खऱ्या चित्राशेजारी ठेवला तरी पटकन ओळखू येत नाही. चुकतो तो बारीक ठिकाणी. तारेच्या जाळीचं कुंपण थरथरतं, विजेच्या तारा तुटक दिसतात, भरधाव गाडीच्या मागे तिचंच पुसट भूत फरफटत येतं.

त्याहून अवघड भानगड वेळेची आहे. दोन खऱ्या फ्रेमच्या मधली फ्रेम बनवायची तर दुसरी खरी फ्रेम आधी तयार हवी. ती तयार झाली तरी लगेच दाखवता येत नाही. आधी बनावट फ्रेम दाखवायच्या, मग ती. म्हणजे पडदा १२० फ्रेमच्या गुळगुळीतपणाने हलतो, पण बटण दाबल्यावरचा प्रतिसाद ३० फ्रेमच्याच चालीने येतो, उलट किंचित उशिराच. कट्ट्यावरच्या त्या बीजीएमआयवाल्या पोराला हे समजावून सांगावं लागणार नाही. त्याला फ्रेम हव्यात त्या डोळ्यांसाठी कमी आणि अंगठ्यासाठी जास्त.

त्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या मंचावरून एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे १,५९९ डॉलरच्या ४०९० च्या तोडीचं काम करेल असं सांगितलं, तेव्हा जाणकारांच्या भुवया वर गेल्या. ती बरोबरी बनावट फ्रेम धरून होती. गेमच्या ग्राफिक्समध्ये फसवणूक नवी नाही. ढगाचं झुडूप झालं तेव्हापासून ती आहे, आणि ती चांगली जमली की तिला कला म्हणतात. तक्रार करायचीच तर ती अंदाजाला वेग म्हणून विकण्याबद्दल करावी. दुसरी तक्रार गेमवाल्यांबद्दल: मदत मिळतेच आहे म्हटल्यावर मूळ गेम चोख बसवायचे कष्ट कमी होऊ लागले. २०२३ च्या ‘रेम्नंट २’च्या निर्मात्यांनी तर आपला गेम अपस्केलिंग, म्हणजे छोटं चित्र मोठं करायची ही मदत, गृहीत धरूनच बांधलाय, हे उघडपणे सांगितलं होतं.

चिपची भिंत तंत्राने ओलांडता येईलही. पैशाची भिंत जास्त जाड आहे. जून २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात मायक्रोसॉफ्ट आणि ॲक्टिव्हिजनच्या व्यवहारावर सुनावणी चालू होती. सोनीने दिलेल्या एका कागदावरचे गोपनीय आकडे कुणीतरी काळ्या मार्करने खोडले आणि कागद स्कॅन करून दाखल केला. स्कॅनमध्ये मार्करखालचे आकडे वाचता येत होते! जगाला असं कळलं की ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’वर २२ कोटी डॉलर आणि ऐन भरात सुमारे २०० माणसं खर्ची पडली, तर ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’वर २१.२ कोटी डॉलर, ३०० माणसं आणि पाच वर्षं. पडदा जितका सूक्ष्म दाखवू शकतो, तितकं सूक्ष्म कुणीतरी आधी घडवावं लागतं. पूर्वी भिंत म्हणजे विटांचं एक चित्र चिकटवलं की झालं. आता प्रत्येक विटेचा टवका, शेवाळ, चुन्याचा ओघळ, आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ उजेड कसा पडेल याची तपासणी. एवढा पैसा ओतल्यावर गेम पडून चालत नाही, म्हणून मग जुन्याच यशस्वी गेमचे दुसरे, तिसरे, चौथे भाग निघत राहतात.

ग्राहकाच्या खिशाचीही तीच कथा. पूर्वी थोडं थांबलं की यंत्र स्वस्त मिळायचं. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० मध्ये २९९ डॉलरला आलं, २००९ मध्ये ९९ डॉलरला मिळू लागलं. प्लेस्टेशन ५ २०२० मध्ये ४९९ डॉलरला आलं आणि पाच वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, स्वस्त व्हायच्या ऐवजी ५० डॉलरने महागलं. त्यात भर एआयची. ज्या कारखान्यांत गेमची चिप आणि मेमरी बनते, त्याच कारखान्यांच्या दाराशी आता डेटा सेंटरवाले नोटांची पुडकी घेऊन उभे आहेत. एकेकाळी एनव्हिडियाचं घर गेम खेळणाऱ्या पोरांच्या पैशावर चालायचं. आज कंपनीच्या कमाईत त्यांचा वाटा चिल्लर झालाय.

सगळा भार दूरच्या सर्व्हरवर टाकून घरी फक्त चित्र मागवायचं, हाही मार्ग निघाला. गूगलने २०१९ मध्ये स्टेडिया याच कल्पनेवर सुरू केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये गुंडाळलं. अशा सेवा अजून आहेत, पण बटणाचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन चित्र परत यायला लागणारा वेळ त्या सोळा मिलिसेकंदांच्या संसारावर आणखी एक बोजा टाकतो.

या शर्यतीत धावायचंच नाही, असं ठरवणारेही पहिल्यापासून आहेत. निन्टेन्डोचे गुनपेई योकोई म्हणायचे की नव्याच्या मागे धावण्यापेक्षा जुनं, मुरलेलं तंत्रज्ञान घ्यावं आणि ते भलत्याच कामाला लावावं. त्यांचा १९८९ चा गेम बॉय हिरवट-करड्या चार छटांत चालायचा, पण चार पेन्सिल सेलवर दिवसच्या दिवस टिकायचा. सेगाचा रंगीत, देखणा गेम गिअर सहा सेल घ्यायचा आणि तीन ते पाच तासांत माना टाकायचा. बाजार कुणी जिंकला हे सांगायला नको. २०१७ च्या निन्टेन्डो स्विचमध्येही दोन वर्षं जुनी चिप होती. त्याच यंत्रावर मे २०२३ मध्ये ‘झेल्डा: टिअर्स ऑफ द किंगडम’ आला आणि तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या. त्यातलं गवत खऱ्या गवतासारखं दिसत नाही; ते जलरंगात काढल्यासारखं दिसतं, आणि वारा आला की मन लावून हलतं.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सलाही हीच वाट धरावी लागली. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करायचा त्यांचा प्रयत्न फसला. मोजक्या माणसांनी तरीही गेम पुरा केला आणि ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला, तोही आधी त्या अशक्त स्विचवर. खऱ्यासारखं दिसण्याच्या मागे लागायला त्यांच्याकडे ना २० कोटी डॉलर होते ना ३०० माणसं. त्यांनी पहाडी लघुचित्रांची रंगसंगती घेतली, राजस्थानी वाड्यांची कमान-जाळी घेतली, भिंतींवरचे रंग हाताने भरले. कथेतले मधले प्रसंग त्यांनी छायाबाहुल्यांतून सांगितले. कुडाळजवळच्या पिंगुळीत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पडद्यामागच्या दिव्यावर ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ते प्रसंग ओळखीचे वाटतील. एक दिवा, एक पडदा आणि सावल्या. याहून कमी खर्चाचं ग्राफिक्स इंजिन कुठलं?

जगातले बहुतेक लोक गेम खेळतात ते मात्र ना ५०९० वर ना स्विचवर, तर खिशातल्या फोनवर. तिथली मर्यादा सगळ्यात सरळ आहे. फोनला सहसा पंखा नसतो. आत तयार झालेली उष्णता काचेतून आणि पाठीतून, म्हणजे शेवटी हाताच्या तळव्यातूनच बाहेर जाते. मे महिन्यात नागपुरात वीस मिनिटं खेळल्यावर फोन तव्यासारखा होतो, आतली चिप जीव वाचवायला स्वतःचा वेग उतरवते आणि ऐन मोक्याला फ्रेम पडतात. फोनच्या पाठीला चिमट्याने अडकवायचे इवलेसे पंखे ऑनलाइन मिळतात, ते याचसाठी. स्मूथ निवडणारं पोर सौंदर्याचा शत्रू नाही. त्याने आपल्या फोनचं अंथरूण ओळखलेलं असतं.

आणि ते ‘सायलेंट हिल’चं धुकं? २०१२ मध्ये मालिकेतले जुने गेम नव्या यंत्रांसाठी उजळून काढले, तेव्हा काही ठिकाणी धुकं पातळ झालं. त्यामागे कधी कुणाला दाखवायचंच नव्हतं ते सगळं दिसू लागलं: अर्धवट सोडलेल्या कडा, अचानक संपणारा रस्ता. चाहते खवळले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलंडच्या ब्लूबर टीमने ‘सायलेंट हिल २’ अनरियल इंजिन ५ वर नव्याने बांधला. आता मेमरी भरपूर होती, दूरची घरं दाखवायला हरकत नव्हती. धुकं तरीही ठेवलं. फक्त आता ते करडा पडदा ओढून भागत नाही. दिव्याचा झोत त्यात विरघळला पाहिजे, माणूस चालला की ते हललं पाहिजे, आणि हा सगळा हिशेब दर फ्रेमला नव्याने करावा लागतो. वेळ वाचवायला आणलेलं धुकं आता स्वतःच वेळ खातं. प्लेस्टेशन ५ वर गेम सुरू केला की सेटिंगमध्ये दोन पर्याय समोर येतात. क्वालिटी घेतलं तर चित्र देखणं आणि सेकंदाला ३० फ्रेम. परफॉर्मन्स घेतलं तर साठ, आणि चित्र थोडं मऊ.